वाचनाचे आव्हान: कसे स्वीकारावे आणि कसे सोडावे

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात पुस्तकप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांत आणि इन्स्टाग्रामवर पुढच्या वर्षाच्या वाचनाचे आकडे जाहीर होऊ लागतात. कोणी बारा पुस्तकांचा संकल्प करतो, कोणी बावन्न पुस्तकांचा, तर कोणी थेट शंभराचा. होळीच्या सुमारास त्यांतल्या अनेक संकल्पांचे नाव निघेनासे होते. असे वाचनाचे आव्हान कसे घ्यावे याविषयी सल्ला देणारे पुष्कळ आहेत. पण ते कसे सोडावे हे सहसा कोणी सांगत नाही, आणि नीट न सोडलेले आव्हान मनात अडकून राहते. पुस्तक हातात घेतले की मागे पडल्याची आठवण होते, म्हणून पुस्तकच हातात घेतले जात नाही, आणि आव्हानाबरोबर वाचनही काही महिने बंद पडते. हे नुकसान टाळण्याजोगे आहे. त्यासाठी प्रवेश विचारपूर्वक करावा लागतो आणि निर्गमनाची वाट आधीच आखून ठेवावी लागते.

आधी कारण लिहून काढावे

कोणत्याही आव्हानात नाव नोंदवण्यापूर्वी वहीत एक वाक्य लिहावे: हे आव्हान मी कशासाठी घेत आहे? उत्तर जितके नेमके असेल तितकी पुढची निवड सोपी होते. 'नोकरी बदलल्यापासून रात्रीचे वाचन बंद पडले आहे, ते पुन्हा सुरू करायचे आहे' हे एक उत्तर झाले. 'प्रदर्शनांतून आणलेली पुस्तके कपाटात तशीच पडून आहेत' हे दुसरे, 'मी कादंबरीपलीकडे काहीच वाचत नाही' हे तिसरे. पहिल्या उत्तराला पुस्तकांचा आकडा उपयोगी पडत नाही, तिथे रोजची वेळ ठरवणारे आव्हान हवे. दुसऱ्याला केवळ घरातल्याच पुस्तकांचे आव्हान हवे, आणि त्यात नव्या खरेदीला ठरावीक काळ विराम देण्याची अटही हवी. तिसऱ्याला विषयवार आव्हान योग्य ठरते. ज्याला काहीच नेमके उत्तर सुचत नाही, केवळ सगळे घेत आहेत म्हणून घ्यावेसे वाटते, त्याने यंदा आव्हान घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे वाचन चांगले चालले आहे, त्यात हस्तक्षेपाचे कारण नाही.

कोणकोणती आव्हाने आहेत

सर्वांत परिचित प्रकार आकड्याचा. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर २०११ पासून दरवर्षी असे आव्हान घेता येते: वर्षभरात किती पुस्तके वाचणार तो आकडा आपण भरायचा आणि वाचून झालेल्या पुस्तकांची नोंद करत जायची. काय वाचावे याचे पूर्ण स्वातंत्र्य हा या प्रकाराचा मोठा गुण आहे. दोष असा की ऐंशी पानांची दीर्घकथा आणि आठशे पानांची कादंबरी यांची किंमत त्यात सारखीच, त्यामुळे वर्ष सरत आले की हात आपोआप पातळ पुस्तकाकडे जातो. नादिया ओडुनायो यांनी तयार केलेल्या स्टोरीग्राफ या वाचननोंदीच्या ॲपवर पुस्तकांऐवजी पानांचे किंवा तासांचे लक्ष्यही ठेवता येते. जाड ग्रंथ आवडणाऱ्यांनी आणि ऑडिओबुक ऐकणाऱ्यांनी तोच मार्ग धरावा.

दुसरा प्रकार विषयांच्या यादीचा. बुक रायट या अमेरिकी संकेतस्थळाचे 'रीड हार्डर' हे आव्हान २०१५ पासून चालू आहे आणि त्यात वर्षाला चोवीस सूचना दिलेल्या असतात. अशा याद्या त्यांच्याकडच्या ग्रंथव्यवहाराकडे पाहून बनवलेल्या असतात, म्हणून मराठी वाचकाने सूचनेचा हेतू घ्यावा आणि पुस्तक आपल्या कपाटातून किंवा आपल्या ग्रंथालयातून निवडावे. 'अनुवादित पुस्तक' अशी सूचना आली की आपल्याकडे मोठा खजिना उघडतो. उमा कुलकर्णी यांनी कन्नडमधून भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. नॅशनल बुक ट्रस्टच्या आदान-प्रदान मालिकेतून अनेक भारतीय भाषांतील साहित्य मराठीत आले. ही पुस्तके जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत अजूनही सापडतात आणि त्यांच्या निमित्ताने कर्नाटक किंवा बंगाल आपल्या भाषेत वाचता येतो. ऑगस्ट महिन्यात स्त्रियांनी लिहिलेले अनुवादित साहित्य वाचण्याचा उपक्रमही २०१४ पासून जगभर चालतो. एका महिन्याची मर्यादा असल्यामुळे विषयवार आव्हानाचा अनुभव घेण्यासाठी तो चांगला आहे.

तिसरा प्रकार मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो म्हणजे एखाद्या प्रश्नाभोवती बांधलेले आव्हान. आपण केवळ ब्रिटन आणि अमेरिकेतलेच लेखक वाचतो हे लक्षात आल्यावर ॲन मॉर्गन या ब्रिटिश लेखिकेने २०१२ या वर्षात जगातल्या प्रत्येक देशातले एक पुस्तक वाचायचे ठरवले. साओ टोमे आणि प्रिन्सिपे या छोट्या बेटराष्ट्रातले पुस्तक इंग्रजीत मिळेना, तेव्हा स्वयंसेवकांनी तिच्यासाठी पोर्तुगीजमधून एका पुस्तकाचा अनुवाद केला. एवढा मोठा पल्ला प्रत्येकाने गाठायची गरज नाही. महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्याच्या मातीतले एक पुस्तक, गोव्यातल्या लेखकांची सहा पुस्तके, किंवा आपल्या आजोळच्या बोलीत लिहिलेले जे मिळेल ते सारे, अशी आव्हाने स्वतःची स्वतः आखता येतात आणि त्यांत दुसऱ्या कोणाच्या यादीचे ओझे नसते.

अल्पमुदतीची आव्हाने वेगळ्या कामाची आहेत. २००७ पासून चालत आलेल्या ड्यूईज रीडथॉनमध्ये चोवीस तास शक्य तितके वाचायचे असते. ब्रिटनमधल्या ग्रंथालयांत १९९९ पासून उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी जो उपक्रम होतो, त्यात प्रत्येक मूल साधारणपणे सहा पुस्तके वाचते. मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या घरी किंवा सोसायटीत तो आकडा तसाच उचलावा, कारण तो मुलांना झेपणारा आहे.

आपल्याकडे पारायणाची रीतही फार जुनी आहे. दासबोधात वीस दशक आणि प्रत्येक दशकात दहा समास आहेत, म्हणून रोज एक समास वाचणाऱ्याचा ग्रंथ दोनशे दिवसांत पूर्ण होतो. ग्रंथाच्या रचनेनेच रोजचा वाटा ठरवून दिलेला असतो आणि वाचक पानांकडे न पाहता समास पुरा करूनच उठतो. ही विभागणी कोणत्याही मोठ्या ग्रंथाला लावता येते. आठशे पानांची कादंबरी वाचायची असेल तर पानांचा हिशेब सोडून प्रकरणांचा हिशेब धरावा, म्हणजे वाचन अर्थाच्या मध्येच तुटत नाही.

हिशेब आणि नियम

आकडा ठरवण्यापूर्वी दोन सर्वसाधारण आठवडे कोणतेही लक्ष्य न ठेवता केवळ नोंद करावी: रोज किती पाने झाली, किती वेळ लागला. नंतर साधा गुणाकार करावा. सरासरी अडीचशे पानांची बावन्न पुस्तके म्हणजे तेरा हजार पाने, म्हणजेच रोजची सुमारे छत्तीस पाने. एका पानाला दोन मिनिटे धरली तर रोजचा तास-सव्वातास लागतो, तोही वर्षातला एकही दिवस न चुकवता. चोवीस पुस्तकांना हाच हिशेब लावला तर रोज सोळा-सतरा पाने, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडे अधिक. आता आपल्या दोन आठवड्यांच्या नोंदीकडे पाहावे आणि जो आकडा निघेल त्यातून चौथा भाग वजा करावा. मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, घरातले आजारपण, दिवाळीची आवराआवर हे सारे त्या चौथ्या भागात बसते. आपल्या वास्तव वेगाहून मोठे लक्ष्य ठेवल्याने उत्साह वाढतो असे म्हणतात; मला तसे वाटत नाही, कारण जानेवारीत पडलेली तूट भरून काढण्यासाठी फेब्रुवारीत जे वाचन होते त्यात पुस्तकाकडे लक्ष राहत नाही.

नियम सुरुवातीलाच लिहावेत, कारण वर्षाच्या मध्यावर ठरवलेले नियम नेहमी सोयीचे निघतात. ऑडिओबुक धरायचे का? धरावे, स्टोरीटेलवर मराठी पुस्तक पूर्ण ऐकणाऱ्याने ते पुस्तक खरोखर अनुभवलेले असते. पुनर्वाचन धरायचे का? अवश्य धरावे, अन्यथा नव्याच्या मागे लागून आवडत्या पुस्तकाकडे परत जाणे थांबते. दिवाळी अंकांचा प्रश्न मात्र खास आपला आहे. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मराठी वाचकाचा कितीतरी वेळ त्यात जातो. पुस्तकांच्या यादीत अंकाला जागा नसेल तर वर्षातला सर्वांत समृद्ध वाचनकाळ हिशेबात शून्य ठरतो, आणि वाचक अंक बाजूला ठेवून आकड्याची पुस्तके उरकू लागतो. म्हणून पूर्ण वाचलेला अंक एक पुस्तक म्हणून धरावा, किंवा ते दोन महिने आव्हानातूनच वगळावेत. कवितासंग्रहाला मी पानांचा हिशेब लावत नाही. चार कविता वाचून थांबलेला दिवसही पुरा दिवस असतो.

सर्वांत महत्त्वाचा नियम शेवटी लिहावा: मी हे आव्हान कोणत्या परिस्थितीत सोडेन. ही अट पहिल्याच दिवशी लिहिलेली असेल तर पुढे सोडताना अपराधी वाटत नाही, कारण सोडणे हा त्या आव्हानाचाच एक भाग ठरतो.

चालू असताना

नोंद ठेवण्याचे काम थोडक्यात आटोपावे. पुस्तकाचे नाव, सुरू केल्याची आणि संपवल्याची तारीख, आणि मनात राहिलेल्या गोष्टीविषयी दोन ओळी एवढे पुरेसे आहे. अनेक मराठी पुस्तकांच्या, विशेषतः जुन्या आवृत्त्यांच्या नोंदी गुडरीड्सवर सापडत नाहीत. तिथे नवी नोंद करण्याची किंवा करून घेण्याची सोय आहे. मुखपृष्ठ, प्रकाशक आणि वर्ष नीट भरले तर पुढच्या वाचकाचेही काम होते, म्हणून तेवढे कष्ट जरूर घ्यावेत. ज्यांना यात गोडी नाही त्यांनी वही वापरावी.

ठरलेल्या गतीपेक्षा आपण किती पुस्तके मागे आहोत हे ॲप सतत दाखवत राहते. तो आकडा महिन्यातून एकदाच पाहायचा असे ठरवावे. जोडीने वाचन करत असाल, म्हणजे दोघे-तिघे मिळून एकच पुस्तक घेतले असेल, तर आठवड्याचा टप्पा ठरवून त्या टप्प्यापुरतेच बोलावे.

सोडण्याची वेळ कशी ओळखावी

काही खुणा स्पष्ट असतात. पुस्तक निवडताना प्रथम पृष्ठसंख्या पाहिली जाते. वर्णने गाळून संवाद तेवढे वाचले जातात. संपवलेल्या पुस्तकाविषयी आठवड्याने कोणी विचारले तर दोन वाक्ये सांगता येत नाहीत. मनापासून वाचावासा वाटणारा जाड ग्रंथ 'आव्हान संपल्यावर' म्हणून पुढे ढकलला जातो. यांतली शेवटची खूण मी सर्वांत गंभीर मानतो, कारण त्या क्षणी आव्हान वाचनाच्या बाजूने राहिलेले नसते, ते वाचनाच्या आड उभे असते.

यासाठी एक चाचणी आहे. प्रत्येक पुस्तक उचलताना स्वतःला विचारावे, की आव्हान नसते तर हे पुस्तक मी आज उचलले असते का? सलग तीन पुस्तकांना 'नाही' असे उत्तर आले तर थांबून विचार करावा. विषयवार आव्हानाला ही चाचणी जशीच्या तशी लावू नये. जे एरवी वाचले नसते ते वाचणे हाच तिथला उद्देश असतो. तिथे हाच प्रश्न पुस्तक अर्धे झाल्यावर विचारावा: सूचना नसती तरी आता हे पुढे वाचले असते का?

बक्षिसाच्या परिणामाविषयीही थोडे सांगायला हवे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निसबेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या अशा मुलांवर प्रयोग केला, ज्यांना स्केचपेनने चित्रे काढणे मुळातच आवडत होते. चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले नंतरच्या मोकळ्या वेळात चित्रे काढण्यात इतरांपेक्षा कमी वेळ घालवू लागली. ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले त्यांच्या बाबतीत असे घडले नाही. यावरून मी एवढेच म्हणेन, की ज्याची वाचनाची सवय मोडली आहे त्याला आकड्याचा आधार काही काळ उपयोगी पडतो, पण जो मुळातच प्रेमाने वाचतो त्याने बॅज आणि वार्षिक गोषवाऱ्याच्या चित्रांपासून थोडे सावध राहावे. मुलांच्या वाचनाला पुस्तकामागे पैसे किंवा चॉकलेट लावू नये, आणि त्यांना एखादे पुस्तक अर्ध्यात सोडावेसे वाटले तर सोडू द्यावे.

मात्र घाईने सोडणेही बरे नव्हे. ताप आला, कार्यालयात वर्षअखेरीचे काम निघाले किंवा एखादे रटाळ पुस्तक लागले, एवढ्यावरून आव्हानाचा निकाल लावू नये. अशा वेळी यादी बाजूला ठेवून हमखास आवडणारे एक पुस्तक वाचावे आणि निर्णय त्यानंतर घ्यावा.

तीन वेगवेगळे निर्णय

एखादे पुस्तक सोडणे, लक्ष्य कमी करणे आणि आव्हान सोडणे हे तीन निर्णय आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच पुष्कळ त्रास होतो. अनेकदा आव्हान ठीक असते, पुस्तक चुकीचे असते.

पुस्तक सोडण्यासाठी सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम चांगला आहे: पन्नास पाने वाचा, पुस्तक पकड घेत नसेल तर सोडा, आणि वयाची पन्नाशी ओलांडली असेल तर शंभरातून वय वजा करून उरेल तितकीच पाने वाचा. चौसष्ट वर्षांच्या वाचकाने छत्तीस पाने वाचली तरी पुरे. मराठी पुस्तकांपुरती मी यात एक भर घालतो. आपल्याकडे प्रस्तावना, मनोगत आणि आवृत्तीविषयीचे निवेदन यांतच वीस-तीस पाने जातात, तेव्हा मोजणी मूळ मजकूर सुरू झाल्यापासून करावी. बोलीतल्या कादंबरीला दुप्पट पाने द्यावीत, कारण कान त्या भाषेला सरावण्यास वेळ लागतो आणि सरावल्यावर तीच भाषा पुस्तकाची सर्वांत मोठी संपत्ती ठरते. सोडलेल्या पुस्तकाची वाचलेली पाने पानांच्या आव्हानात निःसंकोच धरावीत. ती वाचलेली आहेतच.

लक्ष्य कमी करणे हा मधला मार्ग. गुडरीड्सवर वर्षाच्या मध्येही आकडा बदलता येतो. जूनअखेर एकदा शांतपणे हिशेब करावा आणि उरलेल्या सहा महिन्यांना साजेसा नवा आकडा लिहावा. तो पुन्हा पुन्हा बदलू नये. दुसऱ्यांदा बदलण्याची वेळ आली तर तिसऱ्या निर्णयाचा विचार करावा.

आव्हान सोडायचे ठरले की ते एका दिवसात, पूर्णपणे सोडावे. वहीत शेवटची नोंद करावी: काय वाचले, कुठे थांबलो, का थांबलो, आणि सुरुवातीला लिहिलेल्या कारणापैकी किती साधले. बऱ्याचदा असे आढळते की रात्रीचे वाचन पुन्हा सुरू झालेले आहे आणि आकडा तेवढा अपुरा आहे. अशा आव्हानाचे काम झालेले असते. मग अर्धवट पुस्तकांची वाटणी करावी. जे आत्ताच पुढे वाचायचे आहे ते उशाशी ठेवावे, जे कधीतरी वाचायचे आहे ते खूण घालून कपाटात ठेवावे, जे वाचायचे नाही ते परत करावे किंवा कोणाला तरी द्यावे. ग्रंथालयाची पुस्तके त्याच आठवड्यात परत करावीत, म्हणजे दंडही वाचतो आणि रांगेतल्या दुसऱ्या सभासदाला पुस्तक मिळते. ॲपमधले लक्ष्य काढून टाकावे, पण वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी पुसू नयेत.

गटाला किंवा जोडीदाराला सरळ शब्दांत कळवावे. 'मी यंदाच्या आव्हानातून बाहेर पडत आहे. तुमच्या पुस्तकांविषयी वाचायला मला आवडेल' एवढा संदेश पुरतो. लांबलचक कारणे देऊ नयेत आणि कोणतीही खबर न देता गप्पही होऊ नये, कारण जोडीने वाचणारा माणूस आपल्या टप्प्याची वाट पाहत असतो. जोडवाचनाचे पुस्तक सुरू असेल तर शक्यतो ते पुरे करून मगच थांबावे, तेवढे सौजन्य पाळावे.

त्यानंतर

पुढचे काही आठवडे कसलीही नोंद ठेवू नये. ग्रंथालयात जाऊन यादीशिवाय कपाटांसमोर उभे राहावे, पूर्वी वाचलेले एखादे पुस्तक पुन्हा काढावे, किंवा आव्हानामुळे पुढे ढकललेला तो जाड ग्रंथ उघडावा आणि त्याला लागेल तितका वेळ द्यावा.

पुन्हा आव्हान घ्यावेसे वाटले तर १ जानेवारीची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन किंवा १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन हे चांगले मुहूर्त आहेत आणि एरवीचा कोणताही सोमवारही चालतो. सोडलेल्या आव्हानानंतरचे पहिले आव्हान लहान आणि स्वतःहून संपणारे असावे. अनेक ग्रंथालये दिवाळीनंतर वेगळी वर्गणी घेऊन दिवाळी अंकांची योजना चालवतात. ती घेऊन तीन अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे ठरवावे: एक नेहमीचा, एक कधीच न घेतलेला आणि एक जिल्ह्याच्या गावातून निघणारा. योजनेची मुदत संपली की आव्हानही संपते.